बी.कॉम. झालं, टॅली येतं, तरी फोन येत नाही?

तालुक्याच्या गावात बी.कॉम. करून टॅलीचा तीन महिन्यांचा क्लास केलेली मुलंमुली आता घरटी सापडतात. त्यामुळे ‘बी.कॉम., टॅली, एमएस-सीआयटी’ एवढ्या भांडवलावर बायोडेटा पुढे सरकत नाही. त्यात कामही बदललं. बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमधून थेट टॅलीत घेता येतं, बिलाचा फोटो वाचून नोंद करणारी सॉफ्टवेअर आली आहेत, आणि ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस करावं लागतं, म्हणजे बिलाची माहिती सरकारच्या पोर्टलवर आधीच असते. नोंद करणारा माणूस कमी लागतो. झालेल्या नोंदी जुळवणारा आणि कुठे का बिनसलं ते सांगणारा मात्र लागतोच. अर्ज करायला बसण्याआधी हे जुळवणं शिकून घ्या.

महिना-दीड महिना याला द्या

अकाउंट्समधलं सध्याचं सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या विक्रीवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी) आणि खरेदी रजिस्टर यांची जुळवणी. दर महिन्याला विक्री दाखवणाऱ्या पुरवठादाराने मागच्या महिन्याची विक्री ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवायची असते, १४ तारखेला खरेदीदाराचं २बी तयार होतं आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे कर भरण्याचं विवरणपत्र, भरायचं. म्हणजे हातात दिवस सहा. २बी मध्ये जे बिल नाही त्याच्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) घेता येत नाही, तेवढा कर रोख भरावा लागतो. मालकाचा पैसा इथे अडकतो, म्हणून हे काम येणाऱ्याकडे मुलाखतीत नीट बघतात.

पोर्टलचं लॉगिन नसलं तरी सराव अडत नाही. एक्सेलमध्ये दोन शीट करा, एक खरेदी रजिस्टर आणि एक २बी. दोन्हींत जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नोंदणी क्रमांक), बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवर), सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या खरेदीवर) असे रकाने आणि शंभरेक काल्पनिक बिलं. मग मुद्दाम पंधरावीस चुका पेरा:

- बिल नंबर एकीकडे ‘००४५/२५-२६’ आणि दुसरीकडे ‘४५’.
- नंबरामागे न दिसणारी मोकळी जागा.
- एकच बिल दोनदा चढवलेलं.
- बेळगावच्या पुरवठादाराच्या बिलाला सीजीएसटी-एसजीएसटी. जीएसटीआयएनचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुरवठादार २९ चा आणि माल कोल्हापुरात आला, तर आयजीएसटीच लागणार.
- पुरवठादाराने पुढच्या महिन्यात दाखवलेलं बिल.
- पुरवठादाराने रक्कम कमी करून दिलेली, पण आपल्याकडे न चढवलेली क्रेडिट नोट.
- एक-दोन रुपयांचा राउंड-ऑफ.

नवशिक्या थेट व्हीलूकअप (एका शीटमधली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र) लावतो आणि निम्मी बिलं ‘सापडत नाहीत’ म्हणून येतात. बिलं असतात, फक्त सूत्राला ती वेगळी दिसतात, कारण एका शीटमध्ये ४५ हा आकडा आहे आणि दुसरीत ‘४५’ हा मजकूर. त्यामुळे आधी साफसफाई करायची. ट्रिम लावून मोकळ्या जागा काढा, ‘/२५-२६’ सारखा वर्षाचा भाग काढून टाका, उरलेल्या तिरक्या आणि आडव्या रेघा सब्स्टिट्यूटने उडवा, पुढची शून्यं घालवा. मग जीएसटीआयएन आणि स्वच्छ केलेला बिल नंबर जोडून एक नवा रकाना करा आणि जुळवणी त्यावरच करा. नुसता बिल नंबर धरलात तर दोन पुरवठादारांचं ‘बिल नं. १२’ एकमेकांत मिसळतं. व्हीलूकअप पहिलं सापडेल तेवढंच आणतं, दुबार नोंद त्याला कळत नाही. त्यासाठी काउंटइफ्स (अटीनुसार मोजणी) आणि समइफ्स (अटीनुसार बेरीज) वापरा. पाच रुपयांपर्यंतचा फरक वेगळ्या रंगात ठेवा, उरलेल्याची कारणवार पिव्होट (सारांश तक्ता) करा. शेवटी ‘कोणत्या पुरवठादाराला फोन करायचा’ अशी एक यादी तयार झाली पाहिजे. मालकाला हवी असते ती यादी, रंगीत शीट नव्हे.

एक्सेलची एक खोड इथेच सांगून टाकू: आकडा म्हणून टाकलेल्या संख्येचे तो पहिले १५ अंकच जपतो, पुढच्यांचं शून्य करतो. बँक खात्याचा १६ अंकी नंबर टाकताना तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर पेमेंट भलत्याच खात्यावर जाईल किंवा परत येईल.

दुसरं काम टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर. मुलाखतीत हमखास येणारं उदाहरण असं: सल्लागाराची फी ६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८००, बिल ७०,८०० चं. टीडीएस किती? बरेच जण ७०,८०० चे १० टक्के काढून ७,०८० सांगतात आणि तिथेच गळतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर, म्हणजे ६,०००. सल्लागाराला देणं ६४,८००. नोंद तोंडपाठ हवी: फी ६०,००० नावे, सीजीएसटी ५,४०० नावे, एसजीएसटी ५,४०० नावे, टीडीएस देय ६,००० जमा, सल्लागार ६४,८०० जमा. आणि एक इशारा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, कलमांचे क्रमांक बदलले. क्लासच्या जुन्या नोट्समधले टीडीएसच्या कलम १९४ चे प्रकार पाठ करून गेलात तर उत्तर शिळं निघेल. चॅटजीपीटीला विचारलंत तरी हाच धोका, तो जुनी कलमं आणि जुने दर तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. सूत्र समजून घ्यायला, सरावाचे प्रश्न काढायला त्याला खुशाल वापरा. दर आणि तारखा मात्र आयकर विभागाच्या संकेतस्थळावर बघा.

टॅलीप्राइम विकत घ्यायची गरज नाही. शिकण्यासाठीचा एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात. एक काल्पनिक दुकान उघडा, तीन महिने चालवा, बँक जुळवणी करा, ताळेबंद काढा.

बायोडेटा

एका पानाचा, इंग्रजीत. मोठ्या कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर तो चाळतं, म्हणून तक्ते, दोन स्तंभ, चौकटी, चिन्हं नकोत; साधा मजकूर, पीडीएफमध्ये. पीडीएफमधला मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. तिथे वाचता आला तर सॉफ्टवेअरलाही बहुधा येईल. कॅनव्हातले देखणे नमुने इथेच मार खातात. मराठी बायोडेटा मागितला तर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्याकडे फॉन्ट नसेल तर नुसती अगम्य चिन्हं होतो.

वडिलांचा व्यवसाय, जात, वैवाहिक स्थिती, ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र, छंद म्हणून वाचन आणि संगीत, हे सगळं काढा. त्या जागी केलेलं काम लिहा. ‘जीएसटीचं ज्ञान’ असं लिहिलेलं कुणी वाचत नाही. ‘१०० बिलांच्या सराव संचावर २बी जुळवणी, फरकांचा कारणवार अहवाल’ असं लिहिलं तर प्रश्न त्यावरच येतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असतं. सराव होता हे लपवू नका. खोटा अनुभव तर अजिबात नको, कारण पीएफच्या नोंदींवरून आधीची नोकरी तपासता येते.

जाहिरातीत ‘अकाउंट्स पेयेबल’ (पुरवठादारांची देणी) असेल तर तेच शब्द बायोडेट्यातही आले पाहिजेत, अर्थात ते काम येत असेल तरच. दोन बायोडेटे तयार ठेवा. एक सीए कार्यालय आणि कारखान्यांसाठी, त्यात जीएसटी, टीडीएस, टॅली वर. दुसरा पुण्या-मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांच्या हिशेब केंद्रांसाठी, त्यात एक्सेल, इंग्रजी ईमेल, बिल तपासणी वर.

शोधायचं कुठे

नोकरी डॉट कॉमवर भरती करणारे अलीकडे सक्रिय असलेले उमेदवार गाळून बघतात. म्हणून आठवड्यातून दोनदा लॉगिन करून एखादी ओळ सुधारा. ठिकाणात ‘भारतात कुठेही’ भरू नका, खरंच जाणार ती दोन-तीन शहरं भरा. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. तिथे ‘नोकरीच्या शोधात’ लिहून ती वाया घालवू नका, ‘बी.कॉम. | २बी जुळवणी, टीडीएस, टॅलीप्राइम | छत्रपती संभाजीनगर’ असं लिहा.

सरकारी पोर्टलांपैकी राज्याचं महास्वयम् आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्हींवर नोंदणी फुकट आहे. त्याहून उपयोगी वाटते ती अप्रेंटिसशिप. पदवीधरांसाठी एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी होते, एक वर्षाचं काम आणि प्रमाणपत्र मिळतं. विद्यावेतन कमी असतं, पण अनुभवाची पहिली ओळ कागदावर येते.

आणि पोर्टलवर जे कधीच दिसत नाही ते: चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथले छोटे पुरवठादार कारखाने आणि सीए कार्यालयं. ही मंडळी जाहिरात क्वचितच देतात, ओळखीत विचारतात. कर लेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो, त्याआधीचे तीन-चार महिने सीए कार्यालयात माणसं कमी पडतात. मे-जूनमध्ये प्रत्यक्ष जाऊन बायोडेटा द्या. पगार थोडा मिळेल, पण वर्षभरात दहा-बारा धंद्यांची पुस्तकं बघायला मिळतात.

अर्जांची वही ठेवा: तारीख, कंपनी, पद, कोणता बायोडेटा पाठवला, पुन्हा कधी विचारायचं, काय झालं. तीसेक अर्ज जाऊनही एकही फोन नाही, तर दोष बायोडेट्यात किंवा चुकीच्या पदांवर अर्ज करण्यात. फोन येतात पण बोलावत नाहीत, तर पगाराची अपेक्षा किंवा फोनवरचं बोलणं. बोलावतात पण घेत नाहीत, तर चाचणी. जिथे अडतं तेवढंच दुरुस्त करा, सगळं नव्याने नको.

चाचणी आणि पगार

अकाउंट्सच्या मुलाखतीत बहुतेक वेळा संगणकावर बसवतात आणि एक शीट किंवा पाचदहा बिलं देतात. घाईने सूत्र लावण्याआधी ओळी किती आणि एकूण बेरीज किती हे एका बाजूला लिहून ठेवा, शेवटी तेवढीच आली पाहिजे. आलं नाही ते ‘आलं नाही’ म्हणून सांगा. हिशेबात आकडा दडपून जुळवणारा माणूस कुणालाच नको असतो.

पगार ठरवताना सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ऐकून हुरळू नका. वर्षाला ३ लाख म्हणजे महिना २५,००० हाती येत नाहीत. मूळ वेतन १२,५०० धरलं तर कंपनीचा पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी ६०१ आधीच वजा, उरले २२,८९९. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात २१,१९९. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, त्यांना २१,३९९. सीटीसीतले १० टक्के ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर मिळणारे) असतील आणि मूळ वेतन तेवढंच राहिलं, तर महिना आणखी किमान २,५०० कमी धरा. या आकड्यातून पुण्यातली खोली आणि मेस वजा करून मगच होकार द्या. ऑफर लेटरबरोबर पगाराची फोड लेखी मागण्यात उद्धटपणा नाही.

मूळ गुणपत्रिका कंपनीत जमा करू नका, दाखवा आणि परत घ्या.

फसवणूक

नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, काहीही कारण सांगून नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. कंपनीचं नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) संकेतस्थळावर शोधा. २१ अक्षरांच्या सीआयएनमध्ये (कंपनीच्या नोंदणी क्रमांकात) राज्य आणि स्थापनेचं वर्ष दिसतं. ‘वीस वर्षं जुनी’ म्हणवणारी कंपनी गेल्या वर्षीची निघाली की उलगडा होतो. घरबसल्या डेटा एन्ट्रीचा एक जुना सापळा अजून चालतो: करार सही करून घेतात, काम ‘९० टक्के अचूक नाही’ म्हणतात आणि वकिलाच्या नावाने दंडाची नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नका.

अकाउंट्सवाल्यांसाठी खास बेतलेला प्रकार म्हणजे ‘पेमेंट प्रोसेसिंग’. तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा, असं सांगतात. ते पैसे बहुधा दुसऱ्या कुणाला लुबाडून आलेले असतात. खातं गोठतं आणि पोलिस तुमच्या दारात येतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

रुजू होताना

पहिलीच नोकरी आणि कंपनी पीएफ भरणारी असेल, तर १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात रुजू होणाऱ्यांना केंद्राच्या विकसित भारत रोजगार योजनेत एका महिन्याच्या पीएफ वेतनाइतकी, जास्तीत जास्त १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, पहिला सहा महिन्यांनी आणि दुसरा बारा महिन्यांनी. ती आधार जोडलेल्या खात्यातच येते. इथे महाराष्ट्रातल्या मुलांची हमखास अडचण होते ती नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पुढे आईचंही नाव. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) आधारवरच्या नावाने निघतो. म्हणून मुलाखतींच्या आधीच आधार, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर एकच नाव, एकच स्पेलिंग करून घ्या, आणि बायोडेट्यावरही तेच लिहा.