इंग्लिश विशेषणांच्या या चुका टाळा, नाहीतर टोमण्यालाही थँक्यू म्हणाल

लोकांचे इंग्लिश मेल न् सीव्ही तपासून द्यायचं काम करते मी. ग्रामरच्या चुकांचं काही वाटत नाही, त्या दिसतात तरी. वैताग आणतात ती विशेषणं, कारण वाक्य एकदम बरोबर असतं आणि अर्थ भलताच निघतो.

माझी सगळ्यात 'लाडकी' चूक म्हणजे क्वाइट गुड. शाळेत क्वाइट म्हणजे 'अगदी' असं घोकलेलं. अमेरिकन माणूस बऱ्याचदा त्याच अर्थाने म्हणतो, पण ब्रिटिश माणसाचं क्वाइट गुड म्हणजे बहुतेक वेळा आपलं 'बरी आहे'. भाजी कशी झालीये विचारल्यावर 'बरी आहे' ऐकून कोणी खूश झालंय का कधी? माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला लंडनच्या क्लायंटने रिपोर्टबद्दल लिहिलं, क्वाइट गुड, सम इंटरेस्टिंग आयडियाज. पठ्ठ्याने ऑफिसात पेढे वाटले, मीही एक खाल्ला, मेल न बघता. आठवड्याने विचारणा आली, सुधारलेला रिपोर्ट कधी देताय? मग मेल शेवटपर्यंत वाचला तर खाली सहा सूचना, सगळ्या 'पर्हॅप्स'ने सुरू होणाऱ्या, म्हणून याला त्या ऐच्छिक वाटलेल्या!

तेव्हापासून माझी सवय अशी की कौतुकाच्या मागे 'पण' लावून बघायचं. सहज चिकटला तर कौतुक अर्धंच धरायचं. शास्त्र वगैरे काही नाही यात.

दुसरी, सिम्प्लिस्टिक. हे सिंपलचं भारदस्त रूप नाहीये हो! विषय अवघड असताना उगाच सोपा करून टाकलाय, असा ठपका आहे तो. प्राध्यापकाला 'तुमची सिम्प्लिस्टिक शिकवण्याची पद्धत आवडली' असं लिहू नका.

नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध. चाइल्डिश म्हणजे पोरकट, निरागस म्हणायचं तर चाइल्डलाइक. होमली आपल्याकडे लग्नाच्या जाहिरातीत घरगुती, अमेरिकेत दिसायला यथातथा, त्यामुळे तिकडच्या स्थळाला बायोडेटा पाठवताना तो शब्द आधी काढा.

आणि एका शब्दाला एकच मराठी अर्थ पाठ करणं सोडा, चीप वस्तू स्वस्त असते, चीप जोक हलका असतो. मी वहीत विशेषण कधीच एकटं लिहीत नाही, सोबत नाम आणि कोण कोणाला म्हणालं तेही लिहिते. वेळ लागतो. परवाच एकीने विचारलं, ताई, अशा पन्नास शब्दांची पीडीएफ आहे का, रविवारपर्यंत पाठ करायचीये.

नाहीये.