ताप गेला, थकवा राहिला: पुन्हा चालायला कसे लागावे

डेंग्यू, चिकुनगुन्या, कोविड किंवा साधा फ्लू. ताप उतरल्यावर दोन-तीन आठवडे अंगात त्राण नसणे नेहमीचेच. महिना उलटूनही झोपून उठल्यावर अंग मोडून येत असेल, तर डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, थायरॉईड आणि बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्या. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणे, एकाच पायाला सूज, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

'ताकदीची सलाईन' लावून घेऊ नका. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तेवढी लिंबू सरबतातून पोटात जाते, तीही सुई न टोचता.

एक वही करा. रोज काय केले आणि संध्याकाळी कसे वाटले, दोन ओळी पुरेत.

आता चालणे. बहुतेकांचे इथेच फसते. जेवढे सहज जमेल असे वाटते, त्याच्या निम्मेच चाला. वीस मिनिटे जमतील वाटले तर दहा, तीही नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकसारख्या सपाट जागी. मग लगेच काहीही वाढवू नका. या थकव्याची खोड अशी की तो लगेच येत नाही. रविवारी बरे वाटले म्हणून पांडवलेणीचा डोंगर चढून आलात, तर सोमवारी ठणठणीत आणि मंगळवारी अंथरुणात. दोष मात्र सोमवारच्या जेवणाला दिला जातो! म्हणून वहीत मागचे ४८ तास बघायचे.

सात दिवस सलग एकदाही कोसळला नाहीत, म्हणजे थकव्याने अंथरूण धरले नाहीत, तरच दोन मिनिटे वाढवा. कोसळलात तर वेळ निम्मी करा. दहा मिनिटांनीही दर वेळी कोसळत असाल तर वाढवणे बंद. डॉक्टरांकडे वही घेऊन जा. 'घाम काढला की अंग मोकळे होते' हा सल्ला अशा रुग्णाला सरळ मागे ढकलतो. आणि आंघोळ, उभ्याने स्वयंपाक, तासभर फोन, लॅपटॉपवरचे काम हेही श्रमच. ते धरले नाहीत तर हिशेब जुळणार नाही. पाटावर नव्हे, खुर्चीवर बसून आंघोळ करा, भाजी बसून चिरा.

उभे राहिल्यावर धडधडत असेल तर दहा मिनिटे आडवे पडून नाडी मोजा. मग कोणाला तरी शेजारी ठेवून उभे राहा आणि दहा मिनिटांत दोन-तीनदा पुन्हा मोजा. मिनिटाचे ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले तर आकडे डॉक्टरांना दाखवा.

चिकुनगुन्याने धरलेले सांधे महिनोन्महिने दुखू शकतात. सकाळी कोमट पाण्यात हात-पाय बुडवून बोटे, मनगटे, घोटे हळूहळू हलवा. वजन उचलू नका. तीन महिन्यांनंतरही सूज असेल तर सांधेविकारतज्ज्ञ गाठा. नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. त्यांत स्टेरॉईड असू शकते, आणि ते अचानक थांबवणेही धोक्याचे.