लेफकाडाभोवती छोट्या शिडाच्या बोटीवर राहायचं असेल तर

ग्रीसमध्ये बोटीवर राहायचं म्हटलं की लोक लगेच सान्तोरिनी, मिकोनोस म्हणतात. बोट छोटी असेल आणि पहिलंच वर्ष असेल तर तिकडे जाऊ नका, अगदी मनापासून सांगते. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टला मेल्टेमी सुटतो, उत्तरेचा वारा, दिवस-रात्र चालतो, कधीकधी सलग आठवडाभर, आणि वाऱ्याचा जोर ब्युफोर्ट मोजपट्टीवर ७-८ असला की २८ फुटी बोटीत स्वयंपाक सोडा, धड झोपही लागत नाही. आम्ही दोघं तीन उन्हाळे पश्चिमेच्या आयोनियन समुद्रात लेफकाडा बेटाभोवती राहिलो ते यासाठीच.

इथला वारा माइस्त्रो, वायव्येचा. शाळेत खारे वारे-मतलई वारे शिकलो ना, बरंचसं तसंच, सकाळी पाणी अगदी काच, दुपारी एकच्या आसपास वारा यायला लागतो, चार-पाचला चांगला जोरात असतो आणि अंधार पडला की पडतो. त्यामुळे दिवस वाऱ्याच्या घड्याळाने लावायचा, सकाळी पाणी-बाजार-दुरुस्त्या, बारा-एकला शीड उघडायचं, आणि तीनच्या आत रात्रीच्या जागी नांगर टाकलेला पाहिजे. ऑगस्टमध्ये तर दोनलाच जागा भरतात. आणि बेटाभोवती म्हणते पण खरं राहणं पूर्व आणि दक्षिण बाजूलाच, निद्री, व्लिखो, सिवोटा, समोरचं मेगानिसी बेट. पश्चिम किनारा दिसायला अप्रतिम आहे पण आसरा नाही, तिथे रात्र काढायचा विचारही करू नका. दक्षिणेला वासिलिकीला दुपारी डोंगरावरून असे झोत येतात की विंडसर्फिंगवाले मुद्दाम तिथे येतात, त्यावरून काय ते समजा.

कागदपत्रांचं आधी बघा. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, बोट स्वतःची असली तरी. इंग्लंडचा पासपोर्ट असलेल्या आपल्या लोकांनाही ब्रेक्झिटनंतर हाच हिशोब. आम्ही मे-जून आणि मग सप्टेंबर असं वाटून घेतो, भर उन्हाळ्याची गर्दीही टळते. ७ मीटरपेक्षा लांब बोटीला तेपाई नावाचा कर आहे, ऑनलाइन भरायचा, पावती बोटीवर ठेवायची, आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सचा कागद ग्रीक भाषेतही मागून घ्या. आधी कधीच शीड हाताळलं नसेल तर आरवायए या ब्रिटनमधल्या शिडाच्या बोटींच्या संस्थेचा पाच दिवसांचा कोर्स करून मगच बोट बघायला लागा.

आता नांगर. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार कारण बोटीवर राहणाऱ्याची झोप यावरच असते. पाण्यात गडद दिसतं ते पोसिडोनिया गवत, फिकट निळं दिसतं ती वाळू, नांगर वाळूतच टाकायचा. गवतात तो रुततच नाही, नुसता अडकल्यासारखा वाटतो, आणि शिवाय ते गवत संरक्षित आहे, माशांची पिल्लं त्यातच वाढतात. पहिल्या वर्षी मेगानिसीच्या एका खाडीत आम्ही उशिरा पोचलो, ऊन तिरपं झालेलं, तळ दिसेना, तसाच टाकला. रात्री दोनला नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, साखळीचा कर्रर्र आवाज आला, आडवं असताना तो थेट डोक्यात ऐकू येतो. वर आले तर डावीकडे असलेला शेजारच्या बोटीचा दिवा आता समोर होता आणि मोठा दिसत होता. इंजिन चालू केलं, नवऱ्याने साखळी ओढली, नांगराला पेंढीएवढं गवत लटकलेलं, चाकूने कापून काढावं लागलं. टॉर्च मारून वाळूचा पट्टा शोधून परत टाकला तेव्हा चार वाजले होते.

तेव्हापासूनची पद्धत अशी: पाण्याची खोली अधिक नाळेची उंची, त्याच्या पाचपट साखळी. म्हणजे ५ मीटर पाणी, १ मीटर नाळ, तर ३० मीटर. मग हळूहळू रिव्हर्स, साखळी ताणली की इंजिनचा जोर वाढवायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघायचं, एखादं झाड आणि मागचं घर, रेष हलली नाही तर बसला. मग मास्क लावून पाण्यात उतरून स्वतःच्या डोळ्यांनी नांगर बघायचा, रोज, कंटाळा करायचा नाही. व्लिखोला चिखल आहे, नांगर छान बसतो, पण साखळी वर घेताना काळा गाळ येतो तर बादली-ब्रश हाताशी ठेवा.

धक्क्याला लागताना इथे आडवं लागत नाहीत. मोठ्या बोटी पुढे नांगर टाकून मागे मागे येतात. छोट्या बोटीने उलटं करावं, मागून छोटा नांगर सोडायचा आणि नाळ धक्क्याला. जुन्या छोट्या बोटी रिव्हर्समध्ये वळत नाहीत, धक्क्यापाशी पाण्याखाली दगड असतात ते सुकाणूला लागतात, आणि येणाजाणाऱ्यांना तुमचं आतलं घर दिसत नाही, ही तीन कारणं. दोर बांधून झाले की दीड मीटर मागे ओढून घ्या, निद्रीला मेगानिसीची फेरी येते-जाते, तिच्या लाटेने बोट धक्क्यावर आदळते. सिवोट्याला बऱ्याच खानावळींचे स्वतःचे धक्के आहेत, जेवलात तर रात्रभर थांबा असा रिवाज.

पाणी: आमची टाकी १६० लिटरची, दोघांना आठ-दहा दिवस पुरते, कारण अंघोळ समुद्रात आणि वरून दोन लिटर गोडं पाणी. बागेतला फवारणीचा पाच लिटरचा पंप घ्या, उन्हात ठेवला की पाणी आपोआप कोमट. वीज: १२ व्होल्टचा छोटा फ्रिज दिवसाला ४०-५० अँपिअर-अवर खातो, १०० वॉटचं सोलर पॅनल उन्हाळ्यात ३०-३५ देतं, म्हणून पॅनल दोन हवेत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साठतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं, तर चहा झाला की सिलिंडरचा नॉब बंद, प्रत्येक वेळी.

प्रेशर कुकर घरून घेऊन जा! झाकण लॉक असल्याने लाटेत सांडत नाही आणि गॅस निम्मा लागतो. बाजारात उन्हाळ्यात व्लीता नावाची पालेभाजी मिळते, तो आपला माठच, ग्रीक लोक उकडून ऑलिव्ह तेल-लिंबू घालतात, मी लसणाची फोडणी देते. बेटावरच्याच एंग्लुवी गावची मसूर प्रसिद्ध आहे, महाग आहे पण तिची आमटी एकदा कराच.

सप्टेंबरपासून आकाशावर लक्ष हवं. व्लिखो चारी बाजूंनी बंद दिसतं, तरी २०११ च्या सप्टेंबरमध्ये तिथेच अचानक आलेल्या वादळात किती बोटी किनाऱ्यावर जाऊन पडल्या, आणि २०२० च्या सप्टेंबरमध्ये इयानोस वादळाने शेजारच्या केफालोनिया-इथाकाला झोडपलं. सकाळ-संध्याकाळ पोसायडन या ग्रीक वेबसाइटवर हवामानाचा अंदाज बघा, बोटीचा व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा, गडगडायला लागलं की साखळी जास्त सोडा.

आमची बोट ऑक्टोबर लागायच्या आत प्रेवेझा गावासमोर अक्तिओच्या यार्डात जमिनीवर जाते. तिकडे जायला लेफकाडाच्या उत्तरेचा कालवा ओलांडावा लागतो, तिथला तरंगता पूल सीझनमध्ये दिवसा तासातासाने उघडतो, थोडं आधी जाऊन थांबा. बोट बंद करताना गाद्या उभ्या करून ठेवा, सगळी कपाटं उघडी टाका, पावसाळी हिवाळा आहे तिथला, बुरशी पहिल्यांदा गाद्यांनाच धरते.