तीन रुळांवर दोन गेज: मॉडेल रेल्वेची आखणी

स्वित्झर्लंडमधील कूर ते दोमात-एम्स हा १४३५ मिमी आणि मीटर गेजचा एकत्रित मार्ग १:८७ प्रमाणात उभारायचा असेल, तर सामाईक रुळापासून १६.५ आणि १२ मिमी अंतरावर उरलेले दोन रूळ बसवावेत. दोन्ही गाड्यांच्या मध्यरेषांत २.२५ मिमीचा फरक पडतो. त्यामुळे फलाटाची कड दोन्ही डबे प्रत्यक्ष उभे करूनच ठरवावी. सामाईक रूळ शक्यतो एकाच बाजूला ठेवावा आणि सांधे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रूळ) कमीत कमी घ्यावेत, कारण खरी डोकेदुखी तिथेच असते. तांबे चढवलेल्या स्लीपरवर रुळांना डाग (सोल्डर) देत असाल, तर प्रत्येक दोन रुळांमधला तांब्याचा थर कानशीने छेदावा. केसाएवढा धागा उरला तरी शॉर्टसर्किट होते.