नवी बोट घेतलीय? मग पहिला वीकेंड मांडव्यालाच जा

नवी बोट हातात आली की पहिल्याच शनिवारी शीड उभारून थेट मुरुड-जंजिरा गाठावा असं वाटतंच, मलाही वाटलं होतं. पण गेटवेपासून जंजिरा म्हणजे चाळीसेक सागरी मैल, आणि मधे काही बिघडलं तर मदत यायला किती वेळ लागेल याचा भरवसा नाही. पहिल्या ट्रिपला, म्हणजे ज्याला सगळे शेकडाउन म्हणतात त्याला, काम एकच असतं: बोटीत जे काही ढिलं आहे, गळतंय, अडतंय ते घराजवळ असतानाच बाहेर येऊ द्यायचं. सेकंडहँड घेतली असेल तरी हेच, उलट जास्तच, कारण जुन्या मालकाला तिच्या खोड्या पाठ असतात आणि आपल्याला एकही माहीत नसते. हे सगळं मी आमच्या सव्वीस फुटी डिझेल इंजिनवाल्या शिडाच्या बोटीवरून लिहितोय, तुमची थोडी लहान-मोठी असली तरी फार फरक पडत नाही.

मुंबईहून यासाठी मांडव्यासारखी जागा नाही. गेटवेहून सरळ रेषेत साधारण साडेसात-आठ सागरी मैल, फोनला बऱ्यापैकी रेंज, दिवसभर लाँचची ये-जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा असतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारं वारं सुटतं, म्हणजे एकाच वीकेंडला बोट हलक्या वाऱ्यातही बघून होते आणि जरा जोराच्या वाऱ्यातही. पावसाळ्याचा तर विचारच नको. 17 जुलै 1947 ला रामदास बोट बुडाली ती याच पाण्यात, भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाताना, सहाशेच्या वर माणसं गेली. त्याच वाटेवरचा काशाचा खडक चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) शोधून ठेवा आणि त्याच्यापासून लांब राहा.

आता तारीख. इथे लोक चुकतात, सुट्टी बघून वीकेंड ठरवतात. तिथी बघा. मला एका तांडेल काकांनी (तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख) शिकवलंय, तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता मुंबईत भरती पूर्ण. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला सुकती, म्हणजे ओहोटी पूर्ण. मिनिटांसाठी भरती-ओहोटीचं टेबल बघायचंच पण प्लॅन करायला हे गणित झकास आहे. आणि अष्टमी-नवमी म्हणजे भांग, पाणी दीड-दोन मीटरच चढतं-उतरतं. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला तेच चार मीटरच्या वर जातं आणि हार्बरमधे दोन-तीन नॉटची ओढ लागते, जी नव्या बोटीत, इंजिनची खात्री नसताना, अजिबात नको.

म्हणून शनिवारी अष्टमी येईल असा वीकेंड पकडा. सकाळी सातला निघालात की ओहोटी तुम्हाला बाहेर घेऊन जाते, वाराही मागून-बाजूने मिळतो. रविवारी सुकती साधारण एकला, तेव्हा परत निघायचं, भरती आत ढकलते आणि तोपर्यंत वायव्येचा वारा भरलेला असतो. चारपर्यंत आरामात मुरिंगवर (बोट बांधून ठेवायच्या जागेवर), अंधार पडायच्या आत. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचं किनारपट्टीचं बुलेटिन आणि इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा लाटांचा अंदाज बघा, आणि वारा जास्त सांगितला असेल तर ट्रिप रद्द करा, पाहुणे येणार असले तरी रद्द करा.

खरी ट्रिप शुक्रवारी रात्रीच सुरू होते. मुरिंगवरच बोटीवर झोपा. काय होतं, रात्री शांतता असते आणि बोट बोलते. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, बिल्जमधे साचलेलं पाणी उपसणारा) मधेच चालू झाला तर कळतं की कुठून तरी पाणी येतंय. टॉर्च घेऊन फळ्या उचला, हाताचं बोट बुडवून ते पाणी जिभेला लावा (तेलकट तवंग असेल तर नको). खारट लागलं तर समुद्राचं, मग प्रत्येक सी-कॉक (समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह), होजचे क्लॅम्प आणि प्रोपेलरच्या शाफ्टचं ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथलं सील) बघत जा, आणि गोडं लागलं तर आपलीच पाण्याची टाकी गळतेय. जुन्या पद्धतीच्या दोरीच्या पॅकिंगचं ग्लँड शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब टाकतंच, ते ठीक, पण बंद असतानाही धार लागली असेल तर सकाळी निघू नका. सगळे सी-कॉक एकदा बंद करून परत उघडा. जो हाताने फिरत नाही तो पाइप फुटला तर काही कामाचा नाही.

इंजिनचं सांगतो. आमच्या पहिल्या ट्रिपला निघून तासभर झाला असेल, मी सुकाणूवर होतो आणि एकदम एक्झॉस्टचा आवाज बदलला, आधी पाण्याची पिचकारी पडल्यासारखा थप-थप येत होता तो कोरडा, पोकळ यायला लागला. मागे वाकून बघितलं तर पाणी पडतच नव्हतं, नुसता पांढरा धूर. टेंपरेचरचा अलार्म वाजला नाही कारण त्याची वायर सुटलेली होती, ते नंतर कळलं. इंजिन लगेच बंद केलं, शीड वर होतंच म्हणून बोट ताब्यात राहिली. स्ट्रेनर, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याची गाळणी, उघडला तर आत दुधाच्या पिशवीचा तुकडा, भिजून चिकटलेला. सी-कॉक बंद, स्ट्रेनर साफ, दहा मिनिटांत पाणी सुरू झालं, पण ती दहा मिनिटं आयुष्यभर लक्षात राहतील. तेव्हापासून इंजिन चालू असलं की शीड उभारायला तयार ठेवतो आणि दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी मागे वाकून पाणी पडतंय का बघतो. स्पेअर इम्पेलर (त्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र), दोन डिझेल फिल्टर आणि बेल्ट जवळ ठेवा आणि ते बसवायला लागणारे पाने पण. टाकी बराच काळ उभी असेल तर तळाचा गाळ पहिल्या लाटांमधेच ढवळला जातो आणि फिल्टर चोक होतो, फार कॉमन आहे हे. डिझेल एक भाग जायला, एक यायला, एक राखीव, असंच भरा.

हार्बरमधून निघताना मोठ्या जहाजांचं चॅनेल लवकरात लवकर आणि काटकोनात पार करा, त्यांना तुमच्यासाठी वळता येत नाही. नेव्हीच्या हद्दीपासून आणि जवाहर द्वीपापासून लांब. बोटीचे रजिस्ट्रेशनचे कागद, इन्शुरन्स आणि सगळ्यांची ओळखपत्रं वॉटरप्रूफ पिशवीत, तपासणी झाली तर शांतपणे दाखवायची, 2008 नंतर या पाण्यात ते होणारच आणि व्हायलाच हवं.

डोल जाळी हा सगळ्यात मोठा त्रास आणि चूक बहुतेक वेळा आपलीच असते. ओढीच्या पाण्यात ही जाळी बांधून ठेवलेली असतात, वर खूण म्हणून कॅन, थर्माकोल नाहीतर काठीला काळा बावटा. एक माणूस पुढे उभा करून फक्त तेच बघायला लावा. प्रोपेलरमधे दोर अडकलाच तर इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, पाण्याला ओढ असताना कोणीही खाली उतरायचं नाही. जाळं कापू नका, ते कुणाचं तरी पोट आहे. अगदीच नाइलाज झाला तर फक्त शाफ्टला गुंडाळलेला दोर कापा आणि कोळीवाड्यात जाऊन सांगा, नुकसान भरून द्या.

मोकळ्या पाण्यात आलात की सराव. वारा हलका असतानाच शीड रीफ करून, म्हणजे थोडं गुंडाळून लहान करून बघा, जोराच्या वाऱ्यात पहिल्यांदा करायची गोष्ट नाही ती. मग न सोललेला नारळ पाण्यात टाका आणि कुणीतरी पडलंय असं समजून वळून परत या, उचला. नारळ साधारण माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो, आणि त्या गढूळ पाण्यात तीस मीटरवरच दिसेनासा होतो. आम्हाला पहिल्यांदा चार फेऱ्या लागल्या. त्या दिवसापासून आमच्या बोटीवर लाइफजॅकेट सगळे न सांगता घालतात.

मांडव्याला नांगर जेट्टीपासून आणि लाँचच्या वाटेपासून लांब टाका, आधी एखाद्या तांडेलाला विचारून. तळ चिखलाचा, नांगर धरतो, पण दोर भरपूर सोडा: भरतीला पाच मीटर खोली होणार असेल, त्यात नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची एक मीटर उंची धरा, त्याच्या पाचपट म्हणजे तीस मीटर चेन-दोर. मग इंजिन रिव्हर्समधे टाकून हळू ओढून बघा. दुपारी वायव्येचा वारा जास्त भरला तर मांडवा उघडं पडतं, किनारा मागे असतो, तेव्हा हट्ट न करता उजेड असतानाच धरमतरच्या खाडीत रेवसकडे सरका. रात्री डोलकाठीवर पांढरा दिवा लावा. नांगर सरकतोय का कळायला जेट्टीचा दिवा आणि एखादं झाड एका रेषेत धरून ठेवा, आणि दर तीन तासांनी उठून रेषा आणि बिल्ज दोन्ही बघा.

जेवणाचं साधंच, घरून दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, आलेपाक मळमळीसाठी, आणि वीस लिटर पाण्याचा कॅन. गॅस वापरायचा असेल तर सगळ्या जॉइंटना साबणाचा फेस लावून बघितल्याशिवाय पेटवू नका, गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो बिल्जमधे जाऊन बसतो.

निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एका जबाबदार माणसाला लेखी मेसेज द्या: बोटीचं नाव, रंग, किती जण, कुठे मुक्काम, रविवारी किती वाजेपर्यंत फोन येणार, आणि नाही आला तर कोस्ट गार्डला 1554 वर कळवायचं. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल 16 चालू ठेवा. आणि एक वही दोरीने बांधून ठेवा. जे खटकलं ते त्याच क्षणी लिहा, विंच करकरतो, खिडकीतून बिछान्यावर पाणी, टॉयलेटचा पंप उलटा. आमच्या वहीत पहिल्या वीकेंडला एकतीस ओळी झाल्या होत्या. सोमवारी त्यातल्या ज्यांनी बोटीत पाणी येऊ शकतं त्या आधी घेतल्या, मग इंजिनच्या, मग शिडाच्या, आणि गादी-पडदे सगळ्यात शेवटी.