खोतीच्या गावात जमिनीच्या मालकीचा माग कसा काढावा

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या खोत (गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत अधिकार असलेल्या) घराण्याची जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे शोधायचे असेल, तर वंशावळ तूर्त बाजूला ठेवावी आणि आजच्या सातबाऱ्यापासून एकेक नोंद मागे जावे. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार (हक्कबदलाच्या नोंदींचे) क्रमांक उतरवून घ्यावेत व त्यांच्या नकला तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागाव्यात. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आधी पाहिल्यास एखादा हेलपाटा वाचतो. मालवण, देवगड, कणकवलीकडच्या जुन्या कागदांवर जिल्हा रत्नागिरीच असतो, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

वारस, वाटप आणि खरेदीखताच्या नोंदी सहज समजतात. खरी काळजी घ्यावी लागते ती १९५० आणि १९५७ या दोन वर्षांच्या आसपास. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडले होते, परंतु प्रत्यक्ष कायदा १९४९ चा आणि त्याचा अंमल १५ मे १९५० पासूनचा आहे. त्या कायद्याने गावाचा सारा वसूल करण्याचा खोताचा वंशपरंपरागत अधिकार संपला. खोती खासगी, म्हणजे खोताची स्वतःची, जमीन मात्र खोताकडेच भोगवटादार म्हणून राहिली. म्हणून ‘खोती गेली’ या घरोघर ऐकू येणाऱ्या वाक्यावरून सगळी जमीन तेव्हाच गेली असे मानू नये. कसणाऱ्या कुळाला मालकी देणारा बदल कुळकायद्याचा असून त्याचा कृषक दिन, म्हणजे कूळ मालक मानले जाण्याचा दिवस, १ एप्रिल १९५७ हा आहे. फेरफारात कलम ३२ग किंवा ३२म असा उल्लेख आला, की जमिनीची किंमत ठरली अथवा ती भरून कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळाले, असे समजावे. हे प्रमाणपत्र बहुधा कुळाच्याच घरी जपलेले असते. तेव्हा त्या घरी जाऊन, आपला हेतू स्पष्ट सांगून, ते पाहण्याची विनंती करावी. केवळ खोताच्या दप्तरावरून लिहिलेला गावाचा इतिहास मला अपुरा आणि अन्यायकारकही वाटतो, कारण भात पिकवून खोताला अर्धेल, म्हणजे अर्धे पीक, घालणाऱ्या माणसाचे त्यात नावही नसते.

त्यामागे जायचे तर १८८० च्या खोती कायद्याखालचे बोटखत शोधावे. कोणता तुकडा कोण कसतो आणि खोताला काय देतो, हे त्यात मिळते. मोडी लिपी येत नसेल, तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. नावे अंदाजाने लावू नयेत. खोतीच्या तक्षिमा, म्हणजे भाऊबंदांचे हिस्से, आणे-पैंत लिहिलेले असतात. त्यांची बेरीज सोळा आणे होते का ते तपासले, तर सुटलेली शाखा लगेच लक्षात येते.

वाड्याचा शोध मात्र वेगळा घ्यावा. गावठाणातले घर सातबाऱ्यावर सापडत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंदवही) आणि गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. आयर्लंडमध्येही १९०३ च्या जमीन कायद्यानंतर कुळांनी सरकारी कर्ज घेऊन शेते विकत घेतली, आणि कित्येक जमीनदार कुटुंबांकडे मोठे घर व त्याभोवतीची जागा तेवढी उरली. आपल्याकडेही जमिनीचे आणि वाड्याचे धनी त्याच रीतीने वेगळे झालेले दिसतात. वाड्याच्या नोंदीत मुंबईला राहणाऱ्या सर्व सहहिस्सेदारांची नावे लागलेली असतीलच असे नाही, त्यामुळे ती यादी घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे वाचून पडताळावी आणि प्रत्येक नकलेवर नोंदवहीचे नाव व क्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवावा.