घरी दणदणीत, बँडमध्ये गायब: बेस वाजवणाऱ्यांनो, या चुका टाळा

घरी बेस गिटार छान वाजते, म्हणजे बँडमध्येही वाजणारच, असं धरून चालणारी मुलं मला दर मोसमात भेटतात. गणपतीच्या आधीचा महिनाभर तर जास्तच. बोटं तयार असतात, व्हिडिओ बघून बसवलेल्या अवघड जागा सफाईने निघतात, आणि पहिल्या तालमीत दुसऱ्याच गाण्याला सगळं सुटतं. यांची मेहनत कमी असते असं मी म्हणणार नाही. पण ती स्वतःला ऐकण्याची मेहनत असते. बँडमध्ये ड्रमरचा पाय आणि गायकाचा सूर ऐकत वाजवावं लागतं, आणि त्याचा सराव घरी कोणी करत नाही.

घरचा टोन उचलून स्टेजवर नेणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आधी तिच्याबद्दल नीट बोलतो.

घरी अँप हळू लावलेला असतो. शेजारी असतात, घरात कोणी अभ्यास करत असतं. आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड ई तार मोकळी, म्हणजे डाव्या हाताने कुठेही न दाबता, छेडली तर तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो. हळू आवाजात तो जवळपास हरवतो. मग बेसचा नॉब पूर्ण फिरवला जातो, मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, खाली येतो, ट्रेबल जरा वर जातं. खोलीत आवाज मस्त भरीव वाटतो. त्यात अँप कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला असतो, आणि कोपरा खर्ज आणखी फुगवतो. खोलीचा स्वतःचा घुमाराही असतो. १० बाय १२ च्या खोलीत १० फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो, आणि मोकळी ए तार आहे ५५ हर्ट्झची. म्हणून घरी ए भारदस्त लागतो आणि शेजारची डी तार बारीक वाटते. मुलं गिटार दुरुस्तीला घेऊन जातात. गिटारीत काही बिघाड नसतो.

हेच सेटिंग घेऊन बँडमध्ये उभे राहिलात की सगळं उलटतं. मोठ्या आवाजात तोच कान खर्ज भरपूर ऐकतो. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, दणका ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि तुम्ही फुगवलेला खर्जही तिथेच. दोघं एकमेकांना झाकतात. बेसचा कोणता स्वर वाजतोय हे कानाला प्रामुख्याने कळतं ते २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातून, आणि तो पट्टा तुम्ही घरीच कापून आलेले असता. उरते नुसती घरघर.

एका उपनगरातल्या हॉलमध्ये जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम होता. मी त्या रात्री ऱ्हिदम गिटार वाजवत होतो आणि बेस एका तरुण मुलाकडे दिला होता. साऊंडचेकला तो रिकाम्या हॉलमध्ये एकटा वाजवत होता, तेव्हा लाइटवालेसुद्धा काम थांबवून ऐकत राहिले. आवाज होताच तसा. कार्यक्रम सुरू झाला, ड्रम आले, ऑक्टोपॅड आलं, ढोलकी आली, आणि त्याला स्वतःचा बेस ऐकू येईना. त्याने आवाज वाढवला. तरी येईना. पुन्हा वाढवला. पहिल्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या थरथरायला लागल्या, पण स्वर कुठला ते कोणालाच कळेना. तिसऱ्या गाण्यात गायिकेने मागे वळून पाहिलं, कारण तिला षड्जाचा आधार मिळत नव्हता. शेवटी साऊंडवाल्याने बाहेरच्या स्पीकरमधून बेस काढूनच टाकला. मध्यंतरापर्यंत तो मुलगा जीव ओतून वाजवत होता आणि प्रेक्षकांपर्यंत त्यातलं काहीही पोचत नव्हतं.

मध्यंतरात मी त्याच्या अँपकडे गेलो. बेस पूर्ण उजवीकडे, मिड पूर्ण डावीकडे. आम्ही सगळे नॉब मध्यावर आणले, मिड थोडा वर घेतला, अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला आणि आवाज पहिल्यापेक्षा कमी केला. साऊंडवाल्याला विनंती करून लाइन परत सुरू करून घेतली. दुसऱ्या भागात प्रत्येक स्वर ऐकू आला. बोटं तीच होती.

माझी सवय सांगतो. सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात, मग बेस किंचित कमी, मिड किंचित जास्त. एकट्याने ऐकलं तर हा आवाज कोरडा, थोडा नाकातला वाटतो. वाटू द्या. टोनचा निर्णय पूर्ण बँड वाजत असतानाच घ्यायचा. अँप पायाशी ठेवला तर आवाज तुमच्या गुडघ्यांवरून निघून जातो आणि समोर बसलेल्यांना बधिर करतो, म्हणून तो उंचावर किंवा तिरका ठेवायचा. घरी सराव मूळ गाण्यासोबत आणि हेडफोन लावून करा, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून खालचा बेस येतच नाही. आणि घरातला २० वॉटचा अँप ड्रमरच्या शेजारी नेऊन अँपचा घसा फोडू नका. ड्रमसोबत टिकायला २०० वॉटच्या आसपासचा अँप लागतो. तो नसेल तर डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून, थेट साऊंडवाल्याला लाइन द्या आणि मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःला मागून घ्या.

मोकळ्या तारांच्या भरवशावर गाणी बसवणं

गाणं मूळ पट्टीत, टॅब (कुठल्या तारेवर कितव्या घरात बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिलेलं टिपण) बघून, मोकळ्या तारा जिथे सोयीच्या तिथे वापरून बसवलं जातं. रेकॉर्डसोबत चपखल बसतं. मग तालमीला गायक येतात आणि म्हणतात, "घसा जरा बसलाय, आज काळी दोनमध्ये घेऊ या."

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात आणि सुगम संगीतात पट्टी हार्मोनियमवरून सांगतात. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. पुरुष बरेचदा काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. या चारही पट्ट्यांत तुमचा षड्ज मोकळ्या तारेवर येतच नाही. ज्याने घरी सगळं पाठांतर मोकळ्या ई आणि ए तारेवर केलं आहे, त्याचं पाठांतर इथे जागच्या जागी निकामी होतं.

अशाच एका तालमीत एक चांगला तयार मुलगा अडकला. गाणं त्याने पांढरी तीनमध्ये, म्हणजे ई मध्ये बसवलं होतं आणि गायकाने काळी दोन मागितली. फरक फक्त अर्ध्या सुराचा. पण चार तारांच्या बेसवर मोकळ्या ईच्या खाली काही नाही, त्यामुळे षड्ज उचलून ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या सहाव्या घरात, न्यावा लागतो आणि त्याच्याबरोबर सगळा हात हलतो. त्याला ते सुचलं नाही. त्याने चारही तारा अर्धा सूर उतरवून घेतल्या. ते गाणं निभावलं. पुढचं गाणं होतं पांढरी चारमध्ये. उतरवलेल्या तारांमुळे त्याची सगळी बोटं एक घर चुकायला लागली. पुन्हा तारा चढवल्या. तिसऱ्या गाण्याला परत काळी दोन. दहा माणसं वाद्यं मांडीवर घेऊन त्याच्या ट्यूनरकडे बघत बसली होती. गायक वयाने मोठे आणि फार संयमी. ते एवढंच म्हणाले, "बाळा, आधी षड्ज शोध. बाकीचं मी सांभाळतो."

टॅबने हे कधीच येत नाही, म्हणून टॅबवर माझा राग आहे. टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतो, आपण कोणता स्वर वाजवतोय ते सांगत नाही. बेसच्या लगतच्या तारा एकमेकींपासून सा-म अंतरावर लावलेल्या असतात, त्यामुळे आकृती सगळीकडे एकच राहते. कुठल्याही फ्रेटवर सा धरा. मध्यम वरच्या सुराच्या शेजारच्या तारेवर त्याच फ्रेटला मिळतो, पंचम त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे, आणि तार षड्ज एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे. बहुतेक जुन्या गाण्यांचा बेस एवढ्यावर उभा राहतो. गाणं सरगमने पाठ करा, मोकळी तार एकदाही न वापरता वाजवा, मग ते काळी चारमध्ये न्या. मी नवीन गाणं तीन पट्ट्यांत वाजवून बघितल्याशिवाय तालमीला जात नाही. कोणी सांगेल की पाच तारांची गिटार घे, काळी दोन खाली मिळेल. मिळते, खरं आहे, आणि पाचवी तार उपयोगीही आहे. पण षड्ज शोधण्याचं काम तिच्यावरही करावंच लागतं.

स्वर थांबवायला न शिकणं

घरी लांबवलेला स्वर गोड लागतो. बँडमध्ये तोच स्वर स्नेअरच्या, म्हणजे काठीने वाजणाऱ्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, ठोक्यावर सांडतो आणि सगळा ठेका चिखलात रुततो. स्वर कधी सुरू करायचा याचा सराव सगळे करतात, कधी संपवायचा याचा क्वचितच कोणी करतो. मेट्रोनोमचा क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं समजा, म्हणजे तो स्नेअरच झाला, आणि प्रत्येक स्वर बरोबर क्लिकवर बंद करा. हे कंटाळवाणं आहे. तरीही करा.

न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणंही यातच आलं. घरी हळू आवाजात मोकळी ई तार गुणगुणत असते ते कळत नाही; स्टेजवर ड्रमच्या दणक्यानेही ती थरथरते आणि स्पीकरमधून सतत हूं ऐकू येतं. उजव्या हाताचा अंगठा जाड तारांवर टेकवून ठेवायची सवय लावा.

ढोलकी किंवा तबला सोबत असेल तर आणखी जपून. डग्ग्याची मींड आणि बेसची स्लाइड एकाच वेळी आली तर दोन्ही वाया जातात, आणि त्या जागेवर पहिला हक्क डग्ग्याचा आहे असं माझं ठाम मत आहे. लावणीच्या अंगाच्या गाण्यात मी समेवर एक स्वर देतो, मध्ये फारतर एक, आणि ढोलकीवाल्याला मोकळं सोडतो.

स्लॅप आधी, ठेका नंतर

तीस दिवसांत बेस शिकवणाऱ्या व्हिडिओंनी हे स्लॅपचं, म्हणजे तारा ठोकून आणि ओढून वाजवण्याचं, वेड लावलं आहे. अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहम आईसोबत वाजवत होता आणि त्यांच्याकडे ड्रमर उरला नव्हता, म्हणून किक आणि स्नेअरची भरपाई करायला तो अंगठ्याने तारा ठोकायला आणि बोटाने ओढायला लागला. स्लॅप तिथून पुढे आला. तुमच्या बँडमध्ये ड्रमर बसलेला असेल तर त्याच्याशी बोलून, ठरवून वाजवा. जेम्स जेमर्सन या बेसवादकाने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांचा बेस उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवला. चार महिने साधा ठेका न चुकता धरता आला, की मग स्लॅपकडे वळा. त्याआधी मी शिकवत नाही, मुलं नाराज झाली तरी.

रेकॉर्डवर विश्वास ठेवणं

रेकॉर्ड नेहमी त्याच जागी अंतरा सुरू करते. माणूस नाही करत. गायिका कधी श्रोत्यांची दाद घेत दोन आवर्तनं उशिरा उचलते, कधी मुखडा एकदा जास्त घेते. बार मोजत बसलेला बेसिस्ट तिथे एकटाच पुढे निघून जातो. गाण्याचे शब्द पाठ करा, गायकाचा श्वास बघा, आणि शंका आली की षड्जावर थांबून ठेका चालू ठेवा. घरी चुकलं की थांबून पहिल्यापासून सुरू करायची सवयही मोडा. आठवड्यातून एकदा तरी पूर्ण गाणं, काहीही झालं तरी न थांबता.

उरलेल्या गोष्टी, थोडक्यात

ड्रमरच्या हायहॅटच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीच्या) बाजूला उभे राहा, तिथून त्याचा किकचा पाय दिसतो. मोठ्या स्टेजवर आठ मीटर लांब उभे राहिलात तर ड्रमचा आवाज तुमच्यापर्यंत सुमारे २३ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि तुम्ही मागे पडत जाता.

घरी बसून वाजवता आणि कार्यक्रमात उभं राहून. पट्टा लावून, उभं राहून सराव करा. मनगटाचा कोन बदलतो.

मंडपात हूं आवाज येत असेल तर आधी वीज आणि अर्थिंग तपासायला सांगा. आपली वीज ५० हर्ट्झची आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा, त्यामुळे हा हूं तुमच्या स्वरालाच चिकटतो. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा कंप पकडणारे एकेरी वेटोळ्याचे भाग) असलेल्या जॅझ बेस प्रकारच्या गिटारीवर दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे ठेवले की तो बराच कमी होतो. अर्थिंगची पिन कापून हूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं अजिबात ऐकू नका. त्यात शॉक बसून जीव जाऊ शकतो.

नवीन तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नका, दोन-तीन दिवस आधी चढवा. दोन गाण्यांच्या मध्ये आवाज बंद करून ट्यून करा. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला, बेस असेल तर ९ व्होल्टची जादा बॅटरी पिशवीत ठेवा. बहुतेक गिटारींत केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून मध्यंतरात आधी अँपचा आवाज शून्यावर आणा आणि मग केबल काढून ठेवा.